नेम एकाच अंतराचा

यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक तरुण वाघ २०१९ च्या जून महिन्यात तेथून बाहेर पडला. महाराष्ट्र आणि तेलंगणातील शेतशिवारे, नदीनाले आणि रस्ते ओलांडत तो त्याच वर्षीच्या डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन पोहोचला. अंतर होते तेराशे किलोमीटरच्या आसपास. वनखात्याच्या नोंदीत या वाघाचे नाव टी१सी१. त्याची ही पायपीट आपल्याला कळली ती त्याच्या गळ्यातील रेडिओपट्ट्यामुळे.

पण वाघाच्या गळ्यात पट्टा बांधायचा कसा? त्यासाठी वाघाला भूल द्यावी लागते, आणि तीही दुरून. दाबाखालील वायूच्या जोरावर एक डार्ट, म्हणजे पंख लावलेली इंजेक्शनची सुईच, वाघाच्या मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूत मारली जाते. ती सुई तळहाताएवढ्या जागेत बसली तर काही मिनिटांत वाघ झोपतो. चुकून पोटात, बरगड्यांत किंवा डोळ्यात बसली, तर ज्याला वाचवायचे त्यालाच आपण मारून बसतो. या सगळ्या खटाटोपात बंदुकीवर बसवलेली छोटी दुर्बीण हा एक लहानसा दुवा. ती कशी निवडायची आणि नळीशी तिचा मेळ कसा घालायचा, याचे विज्ञान आपल्या दहावीच्या पुस्तकांतच विखुरलेले आहे. ते एकत्र करून पाहण्याचा हा प्रयत्न.

आधी कायद्याचे

बंदुकीची दुर्बीण म्हटली की शिकार आठवते. परदेशात अशा दुर्बिणींचा मोठा खप ससे, खारी, पक्षी यांच्या शिकारीसाठीच होतो. आपल्याकडे तो प्रश्न १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने निकालात काढला आहे. वाघ-बिबट्यांप्रमाणेच ससा आणि तितर हेही संरक्षित प्राणी आहेत. ‘शिकार’ या शब्दाची कायद्यातील व्याख्याही व्यापक आहे. प्राण्याला मारणे तर त्यात येतेच, पण पकडणे, सापळ्यात अडकवणे, जखमी करणे आणि तसा प्रयत्न करणे हेही येते. म्हणूनच वाघाला डार्ट मारण्यासाठी वनखात्यालाही रीतसर परवानगी घ्यावी लागते.

बुलढाण्यातील शिक्षकाला येथे एक प्रश्न हमखास विचारला जातो. रोही आणि रानडुकरे हातातोंडाशी आलेले पीक एका रात्रीत आडवे करतात, मग शेतकऱ्याने काय करायचे? हा प्रश्न खरा आहे आणि त्यामागचे दुःखही खरे आहे. पिकाचे नुकसान करणाऱ्या प्राण्यांबाबत अधिनियमाच्या कलम ११ मध्ये तरतूद आहे, पण त्यासाठी अधिकृत अधिकाऱ्याचा कारणांसह लेखी आदेश लागतो. ‘घरात छऱ्याची बंदूक आहे, तिला परवाना लागत नाही, मग ससा मारला तर काय बिघडले?’ हा युक्तिवाद मात्र टिकत नाही. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवेच्या बंदुकीला शस्त्रपरवान्यातून सूट आहे. ती सूट बंदूक बाळगण्याची आहे, प्राणी मारण्याची नव्हे.

राहिले नेमबाज. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या रायफलीवर दुर्बीण नसते. या स्पर्धांत विशालन करणारी दुर्बीण चालत नाही. मागे बारीक छिद्र आणि पुढे एक कडे, एवढ्याच सामग्रीवर ५० मीटरवरील १०.४ मिलिमीटर व्यासाचे दहा गुणांचे वर्तुळ टिपायचे असते. म्हणजे नेमाचे मूळ तत्त्व दुर्बिणीत नाही. ते आहे दोन रेषांच्या नात्यात.

दोन रेषा आणि एक वक्र

डोळ्यापासून दुर्बिणीतील फुलीच्या मध्यातून लक्ष्याकडे जाते ती दृष्टिरेषा. ती सरळ असते. दुसरी रेषा म्हणजे नळीचा अक्ष. दुर्बीण नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर बसवलेली असल्याने या दोन रेषा मुळातच वेगळ्या जागी सुरू होतात. तिसरी गोष्ट म्हणजे छऱ्याचा मार्ग. तो सरळ नसतो. नळीतून बाहेर पडल्या क्षणापासून छर्रा नळीच्या अक्षाच्या खाली पडू लागतो. तो मार्ग म्हणजे अन्वस्त.

‘गोळी आधी वर उचलली जाते आणि मग खाली येते’ हा समज फार जुना आहे. अनेक जाणत्या माणसांकडूनही तो आम्ही ऐकला आहे. गोळीला वर उचलणारे कोणतेही बल नसते. प्रत्यक्षात नळीच दृष्टिरेषेच्या तुलनेत किंचित वर तोंड करून बसवलेली असते. त्यामुळे छर्रा दृष्टिरेषेच्या खालून निघतो, तिला छेदून वर जातो आणि पुढे पुन्हा तिला छेदून खाली येतो. नळीच्या अक्षापेक्षा तो कधीच वर जात नाही.

आता हे गणितात मांडू. दुर्बिणीची नळीपासूनची उंची ‘उ’, नळीचा दृष्टिरेषेशी असलेला चढ ‘म’, छऱ्याचा वेग ‘व’, गुरुत्व त्वरण ‘ग’ आणि अंतर ‘क्ष’ माना. दृष्टिरेषेपासून छऱ्याची उंची ‘य’ अशी येते:

य = मक्ष − उ − (ग/२व²)क्ष²

छर्रा दृष्टिरेषेवर असतो तेथे य शून्य. म्हणजे क्ष चे वर्गसमीकरण मिळाले आणि त्याला दोन मुळे आली. वर्गसमीकरणाच्या मुळांचा गुणाकार म्हणजे स्थिर पद भागिले क्ष² चा सहगुणक, हे आपण वर्गात घोकून घेतो. येथे तो गुणाकार येतो २उव²/ग.

या उत्तरात ‘म’ नाही, हे लक्षात घ्या. नळी कितीही वर-खाली करा, जवळचा छेदबिंदू आणि लांबचा छेदबिंदू यांच्या अंतरांचा गुणाकार बदलत नाही. लांबचा बिंदू पुढे ढकलला की जवळचा बिंदू आपोआप अलीकडे सरकतो.

समजा, छऱ्याचा वेग सेकंदाला १८० मीटर आणि दुर्बिणीची उंची ४ सेंटिमीटर आहे. गुणाकार येतो सुमारे २६४. लांबचा छेदबिंदू २५ मीटरवर ठेवला, तर जवळचा सुमारे साडेदहा मीटरवर येतो. फुली लक्ष्याच्या मध्यावर धरून छर्रे मारले तर ते पुढीलप्रमाणे पडतील:

५ मीटर: १.७ सेंटिमीटर खाली
१० मीटर: ०.१ सेंटिमीटर खाली
१५ मीटर: ०.७ सेंटिमीटर वर
२० मीटर: ०.७ सेंटिमीटर वर
२५ मीटर: बरोबर मध्यावर
३० मीटर: १.५ सेंटिमीटर खाली
४० मीटर: ६.७ सेंटिमीटर खाली

येथे हवेचा विरोध धरलेला नाही. हलका छर्रा हवेत लवकर मंदावतो, म्हणून प्रत्यक्षात तो लांबवर याहून अधिक खाली पडतो. तरी आकड्यांचा सूर तोच राहतो. दहा ते पंचवीस मीटरच्या पट्ट्यात चूक सेंटिमीटरच्या आत असते आणि पंचवीसच्या पुढे ती झपाट्याने वाढते. बंदूक ‘झिरो’ केली, असे नेमबाज म्हणतात तेव्हा त्याचा पूर्ण अर्थ असा: ती अमुक अंतरासाठी झिरो केली. अंतर न सांगता सांगितलेला नेम अर्धवट असतो.

डार्टची गोष्ट वेगळी

आता हेच समीकरण भुलीच्या डार्टला लावू. डार्ट जड आणि संथ असतो, कारण त्याने कातडीतून आत जाऊन स्नायूत थांबायचे असते, आरपार जायचे नसते. समजा, वेग सेकंदाला ६० मीटर आणि दुर्बिणीची उंची ५ सेंटिमीटर आहे. मुळांचा गुणाकार येतो केवळ ३७. म्हणजे २० मीटरवर झिरो केले, तर जवळचा छेदबिंदू दोन मीटरच्याही अलीकडे. तो कोणाच्याच उपयोगाचा नाही. व्यवहारात डार्टला एकच नेम उरतो. तक्ता असा होतो:

१० मीटर: ११ सेंटिमीटर वर
१५ मीटर: ९ सेंटिमीटर वर
२० मीटर: बरोबर मध्यावर
२५ मीटर: १६ सेंटिमीटर खाली
३० मीटर: ३८ सेंटिमीटर खाली

झुडपाआड बसलेला वाघ वीस मीटरवर आहे की पंचवीस, हे नुसत्या नजरेने सांगणे कठीण. पाच मीटरचा अंदाज चुकला, की डार्ट एक वीत खाली जातो. मांडी धरली असेल, तर तो गुडघ्यापाशी किंवा जमिनीवर. म्हणून अनुभवी पथके अंतर मोजूनच डार्ट मारतात. लेसर अंतरमापक वापरतात किंवा पिंजरा, झाड, बांध यांसारख्या खुणांची अंतरे आधी मोजून ठेवतात.

दुर्बीण लक्ष्य मोठे करून दाखवते, त्यामुळे मनाला ते जवळ आल्यासारखे वाटते. डार्टला मात्र त्याची खबर नसते. त्याला पूर्ण वीस मीटर पडत पडतच जायचे असते.

मग वेगच वाढवला तर मार्ग सरळ होईल ना? होईल, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १८० मीटर वेगाने ८ ज्यूल ऊर्जा नेतो. बारा ग्रॅमचा डार्ट ६० मीटर वेगाने सुमारे २२ ज्यूल नेतो. त्याचा वेग दीडपट केला, तर ऊर्जा सव्वादोनपट, म्हणजे जवळजवळ ४९ ज्यूल होते. एवढ्या धक्क्याने हाड मोडू शकते किंवा डार्ट आत खोलवर शिरू शकतो. यासाठी भुलीच्या बंदुकांत वायूचा दाब अंतरानुसार कमीजास्त करण्याची सोय असते. कोणत्या अंतराला किती दाब, याचा तक्ता त्या विशिष्ट बंदुकीवर आणि त्याच वजनाच्या डार्टवर सराव करून बनवावा लागतो. तीस मीटरसाठी लावलेला दाब दहा मीटरवरील बिबट्याला वापरणे ही घातक चूक ठरते.

येथे हवामानही आले. काही बंदुका कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यांवर चालतात. २० अंश सेल्सिअसला द्रवरूप कार्बन डायऑक्साइडच्या वरील बाष्पाचा दाब वातावरणाच्या सुमारे ५७ पट असतो, शून्य अंशाला तो सुमारे ३५ पट. हिवाळ्याच्या पहाटे आणि विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी हे नळकांडे सारखे वागणार नाही. दाबमापकाकडे पाहिल्याशिवाय डिसेंबरातील नेम मे महिन्यात गृहीत धरता येत नाही.

दुर्बीण निवडताना

कमी पैशांत चांगली दुर्बीण घ्यायची, तर काय पाहावे? बहुतेक जण आधी विशालन पाहतात. आमच्या मते ते सर्वांत शेवटी पाहावे.

दुर्बिणीवर ‘४×३२’ असे लिहिलेले असते. पहिला आकडा विशालनाचा, दुसरा पदार्थभिंगाच्या व्यासाचा मिलिमीटरमधील. दुसऱ्याला पहिल्याने भागले, की नेत्रभिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचा व्यास मिळतो. येथे तो ८ मिलिमीटर. तिन्हीसांजेला तरुण डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत मोठी होते, वय वाढले की त्याहून कमी. म्हणजे ४×३२ ची दुर्बीण संधिप्रकाशात डोळ्याला घेता येईल तेवढा सगळा प्रकाश देते. याउलट ४० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण नऊपट विशालनावर ठेवली, तर चकती साडेचार मिलिमीटरचीच उरते. प्रतिमा मोठी पण मंद होते, दृष्टिक्षेत्र आकसते आणि हाताचा कंपही नऊपट दिसतो. वीस-पंचवीस मीटरसाठी चारपट विशालन भरपूर झाले. पुष्कळ पथके भुलीच्या बंदुकीवर याहूनही कमी विशालन किंवा लाल ठिपका दाखवणारी नेमयोजना पसंत करतात.

दुसरी कसोटी पॅरॅलॅक्सची, म्हणजेच पराशयाची. हाताचे बोट डोळ्यासमोर धरून डोके डावी-उजवीकडे हलवले, की बोट मागच्या भिंतीवर सरकताना दिसते. बोट भिंतीलाच चिकटवले तर सरकत नाही. दुर्बिणीत फुली म्हणजे ते बोट आणि लक्ष्याची प्रतिमा म्हणजे ती भिंत. प्रतिमा नेमकी फुलीच्या प्रतलात पडली, तर डोळा हलवूनही फुली लक्ष्यावरून हलत नाही. पण प्रतिमेची जागा वस्तूच्या अंतरावर अवलंबून असते, हे भिंगाचे सूत्र आपल्याला सांगतेच. मोठ्या रायफलींसाठीच्या अनेक दुर्बिणी १०० यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर, बिनपराशयाच्या करून कारखान्यातच पक्क्या केलेल्या असतात. त्या वीस मीटरसाठी वापरल्या आणि डोळा भिंगाच्या पार कडेला गेला, तर ३२ मिलिमीटरच्या भिंगात चूक साडेबारा मिलिमीटरपर्यंत होऊ शकते. बंदुकीला हातही न लावता नेम सेंटिमीटरभर सरकला! म्हणून जवळच्या अंतरासाठी पराशय जुळवण्याची सोय असलेली किंवा जवळच्या अंतरावरच पक्की केलेली दुर्बीण घ्यावी. ती सोय नसेल, तर डोळा दर वेळी भिंगाच्या बरोबर मध्यावर ठेवण्याची सवय लावावी. या सवयीला पैसे पडत नाहीत.

तिसरी कसोटी मजबुतीची. स्प्रिंगच्या हवेच्या बंदुकीत जड दट्ट्या पुढे झेपावतो आणि पुढच्या टोकाला आदळून थांबतो. त्यामुळे बंदुकीला आधी मागे आणि लगेच पुढे असे दोन्ही दिशांचे हिसके बसतात. मोठ्या रायफलीचा धक्का मुख्यतः मागेच बसतो. तेवढाच सोसण्यासाठी बनवलेल्या महागड्या दुर्बिणीची भिंगेही स्प्रिंगच्या साध्या बंदुकीवर सैल पडतात, ती यामुळे.

चौथी कसोटी अशी, की नेम जुळवण्याचे स्क्रू दहा टिक पुढे आणि दहा टिक मागे फिरवले, तर फुली मूळ जागी परत येते का? स्वस्त दुर्बिणी बहुधा येथे उघड्या पडतात. भिंतीवर आलेखाचा कागद लावून, दुर्बीण पक्की बांधून, बंदुकीशिवायच हे तपासता येते.

झिरो करण्याची रीत

स्क्रूच्या एका टिकने फुली बहुधा कोनाच्या पाव मिनिटाने सरकते. एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. शंभर मीटरवर तो २.९ सेंटिमीटर होतो. पंचवीस मीटरवर पाव मिनिट म्हणजे सुमारे १.८ मिलिमीटर. छऱ्यांचा पुंजका मध्यापासून ३६ मिलिमीटर खाली आणि २२ मिलिमीटर उजवीकडे पडला असेल, तर ३६ भागिले १.८ म्हणजे २० टिक वर आणि २२ भागिले १.८ म्हणजे सुमारे १२ टिक डावीकडे. त्रैराशिक झाले, संपले.

पण ‘पुंजका’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. एक छर्रा मारून लगेच स्क्रू फिरवणारा माणूस नेमाच्या मागे धावत राहतो आणि नेम त्याच्या पुढे पळत राहतो. बंदूक टेकूवर पक्की ठेवूनही प्रत्येक छर्रा थोडा इकडेतिकडे पडतोच. ही यादृच्छिक त्रुटी. ती स्क्रू फिरवून जात नाही. स्क्रूने जाते ती पद्धतशीर त्रुटी, म्हणजे संपूर्ण पुंजक्याचे एका बाजूला सरकणे. दोन्ही वेगळ्या ओळखायच्या, तर निदान पाच छर्रे मारावेत, त्यांच्या जागांची सरासरी काढावी आणि त्या सरासरीनुसार स्क्रू फिरवावेत. पाच मापांच्या सरासरीतील अनिश्चितता एकाच मापाच्या निम्म्याहून थोडी कमी असते, कारण ती संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. पुंजकाच मोठा असेल, तर दोष दुर्बिणीच्या दिशेत नाही. तो टेकूत, छऱ्यांत, सैल स्क्रूत किंवा माणसाच्या श्वासात शोधावा.

आधी दहा मीटरवर जुळवावे आणि मग पंचवीस मीटरवर पडताळावे. वर काढलेला गुणाकार आता कामी येतो. साडेदहा मीटरच्या आसपास नेम बसला, की तो पंचवीसलाही जवळपास बसतो. शेवटचा शब्द मात्र कागदावरच्या छिद्रांचा.

आणखी एक बारकावा उताराचा. ज्ञानगंगेचे जंगल अजिंठ्याच्या डोंगररांगांत आहे, तेथे सपाट जागा थोड्या. दरीत किंवा कोरड्या विहिरीत खाली रोखून डार्ट मारताना गुरुत्वाकर्षणाचा दृष्टिरेषेला लंब असलेला घटकच डार्टला रेषेवरून ढळवतो. क्षितिजाखाली ६० अंशांचा कोन असेल, तर हा घटक निम्मा होतो. वरच्या उदाहरणातला डार्ट दहा मीटरवर सपाटीत ११ सेंटिमीटर वर लागत होता, तो आता सुमारे १८ सेंटिमीटर वर लागेल. विहिरीत पाणी असेल, तर प्रश्न नेमाचा राहतच नाही. भूल चढलेला बिबट्या बुडेल. तेथे खाट किंवा पिंजरा सोडून त्याला वर काढणे हाच शहाणपणाचा मार्ग, आणि महाराष्ट्रात तो अनेकदा यशस्वी झाला आहे.

वर्गात करून पाहा

या सगळ्यासाठी शाळेत बंदूक आणण्याची मुळीच गरज नाही. पाण्याची धार पुरेशी आहे. पाण्याने भरलेली बादली उंचावर ठेवा. बोटभर जाडीच्या नळीने पाणी खाली आणा आणि नळीच्या टोकाला बॉलपेनचे निमुळते टोक बसवा. बादलीतील पाण्याची पातळी तोटीपासून एक मीटर वर राहील, असे पाणी घालत राहा. तोटीच्या तोंडापासून ४ सेंटिमीटर उंचीवर एक दोरा आडवा, पाण्याच्या पातळीशी समांतर ताणा. ही आपली दृष्टिरेषा. दोऱ्यावर दर पाच सेंटिमीटरला शाईच्या खुणा करा. आता तोटीला हळूहळू चढ द्या.

सुरुवातीला धार दोऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. वर्गसमीकरणाला वास्तव मुळे नाहीत. चढ सुमारे ११ अंश झाला, की धार दोऱ्याला एकाच ठिकाणी, सुमारे ४० सेंटिमीटरवर, नुसती शिवते. विवेचक शून्य, दोन्ही मुळे समान. आणखी थोडा चढ द्या. धार दोऱ्याला दोन ठिकाणी छेदेल. दोन वास्तव मुळे! त्या दोन बिंदूंची तोटीपासूनची आडवी अंतरे मोजा आणि त्यांचा गुणाकार करा. चढ एक-दोन अंशांनी बदला आणि पुन्हा मोजा.

धारेच्या वेगाचा वर्ग २ग गुणिले पाण्याची उंची असल्याने सूत्र आणखी सोपे होते. गुणाकार म्हणजे दोऱ्याची उंची गुणिले पाण्याची उंची गुणिले चार. मीटरमध्ये ०.०४ × १ × ४, म्हणजे ०.१६. नळीतील घर्षणामुळे आणि धार तिरपी असल्याने तुमचे उत्तर याहून काहीसे कमी येईल. पण चढ थोडाच बदलत असाल, तर ते जवळपास तेवढेच राहील. विवेचकाच्या तीन शक्यता फळ्यावर लिहिण्याऐवजी पाण्याच्या धारेत दाखवता आल्या, तर मुलांना त्या पुन्हा समजावून सांगाव्या लागणार नाहीत.

आकाशदर्शनाची दुर्बीण असलेल्या शाळांना आणखी एक प्रयोग करता येईल. मुख्य दुर्बिणीवर बसवलेली छोटी शोधक दुर्बीण तिच्याशी जुळवणे हेही झिरो करणेच आहे. दोन्हींच्या अक्षांत १० सेंटिमीटर अंतर असेल आणि वीस मीटरवरच्या भिंतीवर जुळवणी केली, तर आकाशात १७ मिनिटांची चूक राहील. ती चंद्रबिंबाच्या निम्म्याहून अधिक भरते. तीच जुळवणी लोणारच्या विवराच्या एका काठावरून सुमारे १.८ किलोमीटरवरील समोरच्या काठावरच्या झाडावर केली, तर चूक मिनिटाच्या पाचव्या भागाइतकी उरते. प्रकाशाला गुरुत्वाकर्षणाने येथे मोजण्याजोगा बाक येत नाही. म्हणून या दोन रेषा एकदाच भेटतात, आणि ती भेट जितकी दूर तितकी बरी.

विद्यार्थ्यांनी यातून एक गोष्ट न्यावी. कोणतेही मोजमापाचे साधन ‘बरोबर’ आहे असे नुसते म्हणता येत नाही. ते कोणत्या अंतराला, कोणत्या दाबाला, कोणत्या तापमानाला बरोबर आहे, हे सोबत सांगावे लागते. टी१सी१ च्या गळ्यातील पट्टा २०२० मध्ये काढण्यात आला. पट्टा बांधला तेव्हा आणि काढला तेव्हाही कोणीतरी आधी अंतर मोजले असेल, दाब तपासला असेल आणि मगच चापावर बोट ठेवले असेल. एरवी शिकारीसाठी लागणारी ही विद्या येथे वाघाला जिवंत ठेवण्यासाठी वापरली गेली.